मनगटावरचे तीन बिट

गेल्या श्रावणात गावच्या देवळातील भजनी सप्ताहात आमच्या मंडळाची पाळी चालू असताना एका अभंगात माझे मनगट सात वेळा थरथरले. मनगटावरचे मोबाईलला जोडलेले स्मार्ट घड्याळ लेकीने हौसेने दिलेले आहे. देवस्थानाचा गट, बँकेची जाहिरात, पावलांचा हिशेब, सगळ्यांना त्यात सारखाच मुक्त प्रवेश होता. मोबाईल खिशात असे तेव्हा निदान तो बाहेर काढण्याचा कंटाळा आड येई. आता तेवढीही आडकाठी उरली नव्हती.

पणजीत कामावरून सुटल्यावर मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या बोटी रोज दिसतात आणि हटकून एक गोष्ट आठवते. अंगावर बाळगायचा पहिला संगणक जुगारासाठीच बनला होता. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहितीच्या मोजमापाचे शास्त्र उभे करणारे क्लॉड शॅनन यांनी तो १९६१ मध्ये लास व्हेगासला रूलेच्या, म्हणजे फिरत्या चक्रावर गोळी सोडून खेळायच्या जुगाराच्या टेबलावर आजमावला. आकार सिगारेटच्या पाकिटाएवढा, आत अवघे १२ ट्रान्झिस्टर. एकाने बुटात दडवलेली कळ पायाच्या अंगठ्याने दाबून चक्राची आणि गोळीची गती मोजायची, आणि पैसे लावणाऱ्या दुसऱ्याच्या कानात स्वर वाजायचे. चक्रावरच्या ३८ खान्यांचे आठ भाग कल्पिले होते. कोणत्या भागावर पैसे लावायचे ते शेवटी ऐकू आलेल्या स्वरावरून कळे. एका हो-नाहीच्या उत्तराएवढी माहिती म्हणजे एक बिट; आठांतला एक, म्हणजे शॅनन यांच्याच मापाने तीन बिट. कानातल्या यंत्राची बारीक तार वारंवार तुटत असल्याने मोठी कमाई काही झाली नाही, पण एवढी सगळी मोजणी करून माणसाच्या कानी नेमका एवढाच इशारा घालणे, हे संयमाचे काम मला त्या जुगारापेक्षा फार मोलाचे वाटते.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये थॅड स्टार्नर हे संशोधक डोळ्यासमोर छोटा पडदा आणि हातात एकहाती कीबोर्ड घेऊन वावरत. तेथेच ब्रॅडली ऱ्होड्स यांनी लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम, आपण टिपण काढत असताना, त्या विषयाशी जुळणारी आपलीच जुनी टिपणे शोधून पडद्याच्या तळाशी एकेका ओळीत दाखवी. हवी तर उघडावी, नको तर दुर्लक्ष करावे. ती ओळ समोरच्या कामाशी जोडलेली असे. माझ्या मनगटावरची थरथर मात्र पाठवणाऱ्याच्या सोयीने येत होती, मग मी अभंग म्हणत असो वा गाडी चालवत असो.

त्या रात्रीच मी घड्याळाचे सगळे दरवाजे लावून घेतले आणि तीनच गोष्टींना मुभा ठेवली: घरचा फोन, रक्तदाबाची गोळी आणि रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट चुकू नये म्हणून दहा मिनिटे आधीची सूचना. शॅनन यांच्या हिशेबाने याला दोन बिटही पुरतात. देवस्थानाचा गट गप्प केल्याचे आमच्या अध्यक्षांना अजून कळलेले नाही.