छत्री मिटून आत या, शाहूजयंती आहे

आमच्या वाडीची शाहूजयंती म्हणजे भर पावसातला कार्यक्रम. महाराजांचा जन्मच २६ जून १८७४ चा, त्याला कोण काय करणार! नेमका त्याच सुमारास तरवा (भाताची रोपं) काढायला येतो, आणि "लावणी हा, येऊक जमाचा नाय" हे उत्तर घरोघर तयार असतं. शेतकऱ्यांचं एकवेळ ठीक. पण मासेमारी बंदीत होड्या वर ओढून बसलेल्यांना कसली आलीय लावणी? दशावताराला हीच मंडळी उजाडेपर्यंत हलत नाहीत.

प्रतिमापूजन, स्वागत, अहवाल होतात तसे होतात. पाहुणे १९०२ च्या ५० टक्के राखीव जागांपासून निघून वसतिगृहं, माणगाव परिषद करत राधानगरी धरणापर्यंत पोचतात, तोवर पत्र्यावरच्या पावसात निम्मं भाषण वाहून गेलेलं असतं.

आम्ही थांबतो ते कंडक्टरकाकांसाठी. मालवण-कोल्हापूर एस.टी.वर त्यांची सगळी नोकरी झाली. मुक्कामाला असले की भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल नेमकं कुठे होतं, ते विचारत फिरायचे. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? इथे काका हात वर करून बेलची दोरी ओढतात. "टण्! बग्गी थांबली." महाराज चहा मागवतात, स्वतः घेतात, सोबतच्या बड्या लोकांनाही घ्यायला लावतात. "राजान घेतल्यार नको कोण म्हणतलो?" टण् टण्, बग्गी पुढे.

दरवर्षी तीच गोष्ट, आणि दरवर्षी मला चष्मा पुसावा लागतो. एका पाहुण्यांनी काकांना "आटपतं घ्या" म्हटलं होतं. त्यांना आम्ही परत बोलावलं नाही.

शाळेच्या मुलींचं नाटुकलंही गोड. १९१७ चा सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. काजळाची मिशी लावलेला बाप कमरेचा रुपया सोडताना असा काही रडतो की खरे बापही हसतात.

आता राबणाऱ्यांची नावं घेतली तर एखादं राहील आणि वर्षभर ऐकावं लागेल, म्हणून कामं सांगतो. देवळातल्या सतरंज्या प्लास्टिकात गुंडाळून आणणारी मुलं, तसबिरीवरची बुरशी पुसणाऱ्या अंगणवाडीच्या ताई, वीज गेली की इन्व्हर्टर घेऊन धावणारा वायरमन, बटाटेवडे तळणाऱ्या खालच्या घरच्या काकी आणि त्यांची सून (सुनेचं दरवेळी राहतं), कुडाळहून झेंडू आणणारे रिक्षावाले, दारात भिजत छत्र्या सांभाळणारे आजोबा. आणि मांडववाले! दोन वर्षांचं खुर्च्यांचं भाडं त्यांनी मागितलेलं नाही. खजिनदारांनी ते लावणीआधी द्यावं.