शोभेच्या गवताची छाटणी: ठोंबात हात घालून वेळ ठरवताना

गवत वाळून पिवळं पडलं की हात लगेच कात्रीकडे जातो. तो आवरायचा. मी शोभेची गवतं अख्खा हिवाळा तशीच उभी ठेवतो, आणि ते केवळ तुरे छान दिसतात म्हणून नाही. वाळलेली पाती ठोंबाच्या बुडाला झाकून ठेवतात. ती आधीच कापली तर पोकळ काड्यांची तोंडं उघडी पडतात, पाणी त्यांतून थेट बुडात उतरतं आणि ओल्या थंडीत ठोंब आतून कुजतो.

छाटणी हिवाळ्याच्या अखेरीला, हे ढोबळ झालं. नेमका दिवस ठोंबच सांगतो. दोन्ही हातांनी पाती बाजूला सारून बुडाशी पाहायचं. नुसतं भुरं दिसलं तर थांबायला हरकत नाही. काड्यांमधून पेरभर हिरवी टोकं डोकावत असतील तर त्याच आठवड्यात कापायचं. कोंब वीतभर होईपर्यंत रेंगाळलं, तर जुन्याबरोबर नव्या पात्यांचे शेंडेही जातात. गवताचं पातं बुडाकडून वाढतं, शेंड्याकडून नाही. त्यामुळे कापलेला शेंडा पुन्हा टोकदार होत नाही, आणि पुढचे कितीतरी महिने न्हाव्याने सरळ रेषेत भादरल्यासारखी, टोकाला तपकिरी पडलेली पाती बघत बसावं लागतं.

सगळी गवतं एकाच दिवशी उरकावीशी वाटतात, पण ते जमत नाही. कॅलामॅग्रॉस्टिस थंडी पुरती ओसरायच्या आत फुटतं, म्हणून पहिला नंबर त्याचा. मिस्कँथस, पॅनिकम, पेनिसेटम ही उबेची गवतं. हवा आणि माती तापल्याशिवाय ती हलत नाहीत, त्यांना नंतर हात लावला तरी चालतो. निळसर फेस्क्यू आणि सदाहरित केअरेक्स (हे खरं तर गवतच नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं) यांना दरवर्षी बुडापासून कापायची गरजच नसते. रबरी हातमोजे घालायचे, बोटांची फणी करून बुडाकडून शेंड्याकडे ओढत जायचं. सुकलेली पाती रबराला धरून अलगद सुटून येतात, हिरवी जागेवर राहतात. फेस्क्यू फारच विस्कटलं असेल तर उंचीचा एक तृतीयांश भाग उतरवतो, त्याहून जास्त नाही.

मोठ्या ठोंबाला कापण्याआधी बांधणं ही माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी, आणि नेमकी हीच टाळली जाते. गुडघ्याच्या उंचीवर सुतळीचा घट्ट फेरा मारायचा. गवत दीड मीटरच्या वर असेल तर छातीच्या उंचीवर दुसरा. सुतळीच हवी, कारण ती पेंढीसकट कंपोस्टमध्ये जाते. नायलॉनची दोरी तशीच शिल्लक राहते, आणि चुकून यंत्राच्या पात्यात गेली तर गुंडाळून बसते. मग बांधलेल्या जागेच्या खाली कापायचं. पेंढी एकसंध आडवी होते, तशीच उचलून न्यायची. न बांधता कापलं तर काड्या वाऱ्याने बागभर होतात, आणि त्या गोळा करण्यात छाटणीच्या दुप्पट वेळ जातो.

पूर्ण बाह्या, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पात्यांच्या कडांना सिलिकाचे (वाळूतल्या कठीण खनिजाचे) बारीक दाते असतात. पॅम्पास गवत तर करवतच. पॅम्पासमध्ये हात घालण्याआधी काठीने हलवून आत कुणी आसऱ्याला नाही ना, तेही पाहून घ्यावं.

मिस्कँथस मी जमिनीपासून 10 ते 15 सेंमीवर कापतो, बुटकं पेनिसेटम 8 ते 10 वर. अगदी जमिनीलगत घेतलं की बुडातले डोळे दुखावतात. बारीक काड्यांना कुंपण कापायची लांब कात्री पुरते, ठोंब जास्त असतील तर कुंपण कापायचं विजेचं यंत्र. बोटाएवढ्या जाड काड्यांना सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री). धार बोथट असेल तर काडी कापली न जाता कात्रीच्या पात्यांत दुमडते, ओढ बसते आणि लहान ठोंब मुळासकट हलतो.

खुंट मोकळे झाले की ठोंबाची तब्येत कळते. मध्ये टक्कल आणि कडेने हिरवं कडं दिसलं, तर विभागणीची वेळ झाली. उबेच्या गवतांसाठी हाच हंगाम योग्य. ठोंब फावड्याने उकरून काढायचा. जुन्या मिस्कँथसला कुऱ्हाड किंवा करवत लागते. कडेचे, प्रत्येकी चार-पाच कोंब आणि भरपूर मुळं असलेले तुकडे ठेवायचे, मधला लाकडासारखा भाग टाकून द्यायचा. तुकडे मूळच्याच खोलीवर लावून लगेच भरपूर पाणी. मुळं उन्हात उघडी पडू द्यायची नाहीत.

कापलेल्या पेंढ्यांचे तुकडे करून ओल्या हिरव्या कचऱ्यात मिसळतो. नुसता पेंढा कोरडाच पडून राहतो. बी गळून भलतीकडे उगवणाऱ्या जातींचे तुरे मात्र आधी काढून वेगळे टाकतो. ठोंबाभोवती, खुंटांवर न चढवता, 3 सेंमी कंपोस्टचा थर दिला की पुरे. नत्राचं खत जास्त झालं की काड्या उंच आणि मऊ होतात, आणि तुरे आल्यावर पहिल्याच जोराच्या पावसात ठोंब मधून फाटून चहूकडे लोळतो.