सहाचा नऊ

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं की आमच्या गावात सत्कार असतात. दहावी-बारावीचे गुणवंत, नवीन लागलेले पोलीस, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, आणि सगळ्यांत शेवटी, म्हणजे मांडवातली निम्मी माणसं घरी गेल्यावर, शाळेचे खेळाडू. गेल्या साली पोरींचं नाव पुकारेपर्यंत मंचावर एकोणीस सत्कार झाले होते. मी मोजले. मोजायची खोडच आहे मला.

मी शाळेत गणित शिकवते. खो-खोची गुणलेखक झाले ती अपघातानं. चौदा वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेत गुणलेखक आलाच नाही. आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर बरं हाय, बसा जरा." ती बसले, अजून उठलेली नाही. टेबलाला शेजारी वेळाधिकारी, पुढं मुरमाचं मैदान, हातात पेन. कोणी कोणाला बाद केलं आणि डाव सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला, हे टिपायचं. बाहेरून सोपं वाटतं. आठजणी पाटीवर बसलेल्या, नववी पळतेय, खोमागून खो सुटतोय, तीन-तीनची तुकडी आत येतेय, धुरळा उडतोय आणि पालक टेबलावर वाकून विचारतायत, "आमची किती वेळ पळाली ओ?" अशात पेन एकदा चुकलं की चुकलं.

गेल्या वर्षी ते चुकलं. सतरा वर्षांखालच्या मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना, दुसरा डाव, आमची शाळा आक्रमणाला. शेवटचं मिनिट चालू होतं. समोरच्या संघाची एक पोरगी खांबाला वळसा घालून निसटणार, तेवढ्यात आमच्या एकीनं खांबाला धरून अंग झोकून दिलं आणि तिच्या पाठीला बोटं लावली. असला सूर वर्षातून एखादा बघायला मिळतो. पंचांची शिट्टी वाजली. मी छातीवरचा नंबर बघितला आणि लिहिलं : ९.

तो सहा होता. पहिल्या डावात तिची सेफ्टी पिन तुटली, तिनं घाईघाईत नंबरचं कापड पुन्हा लावलं ते उलटं. इंग्रजी सहा उलटा केला की काय होतं हे गणिताच्या बाईला सांगायला नको. आणि संघात खरीखुरी नऊ नंबरही होती, ती तेव्हा पाटीवर बसलेली होती.

सामना आम्ही जिंकला. गुणपत्रिकेवर चार गडी नऊच्या नावावर, तीन सहाच्या. उत्कृष्ट आक्रमकाचा चषक नऊला. दुसऱ्या दिवशी पेपरला आलं तेही तसंच, कारण पेपरवाल्याला आकडे मीच दिले होते. नऊला वाईट म्हणायचं कारण नाही. ऐन खेळात कोण गडी मोजत बसतंय? घोळक्यात नाव पुकारलं, ती गेली आणि चषक घेऊन आली.

चार दिवसांनी सहा नंबर वर्गाबाहेर थांबली. (दोघींची नावं लिहीत नाही, लेकरं लहान आहेत.) "मॅडम, ती शेवटची मी मारली हुती." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता, गृहपाठ दाखवावा तसं बोलली. मी गुणपत्रिकेची माझ्याकडची प्रत काढून दाखवली आणि म्हटलं, "इथं नऊ लिहिलंय बघ." ती "बरं" म्हणाली आणि गेली. पोरांना वहीवर आकडा दाखवला की ती गप्प बसतात. हे हत्यार मी रोज वापरते, त्या दिवशीही वापरलं. मग रात्री झोप लागेना.

यंदा तरुण मंडळाची पोरं घरी आली. "मॅडम, तुमच्याकडं सगळ्या नोंदी हायत, खेळाडूंची यादी तुम्हीच द्या." मी दोन अटी घातल्या. एक, खेळाडूंचे सत्कार आधी, पाहुण्यांचे नंतर. दुसरी, ज्यांनी हे सामने चालवले त्यांतल्या एका तरी पंचाला बोलवा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "पंचाला? पंचाला तर आपण शिव्या देतो की ओ." खरंच आहे. मैदानाच्या एका हाफचा पंच तिथल्या बाजूची गावकी अंगावर घेऊन उभा असतो. खो पाठीमागून दिला का, हात आणि आवाज एकदमच आला का, पळणारीनं दिशा सोडली का, हे सगळं त्यानं क्षणात बघायचं. दोनशे माणसांनी मात्र निवांत ठरवायचं की तो विकला गेलाय.

ज्यांना बोलवलं ते पंच पलीकडच्या तालुक्यात शिक्षक आहेत. पंच परीक्षा देऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली. मानधनाचं विचारू नका, एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण सुटलं तरी पुष्कळ. फोनवर त्यांना विचारलंच मी, मनात आशा ही की त्यांना आठवत नसेल. "सर, गेल्या वर्षीच्या फायनलचा शेवटचा गडी..."

"खांबावरचा ना? सहा नंबर. कापड उलटं लावलेलं होतं, शिट्टी मारल्यावर माझ्या ध्यानात आलं. पोरीच्या कोपराचं सालटं निघालं होतं, पाणी ओतलं मी त्यावर." आणि थोडं थांबून, "का हो मॅडम? तुम्ही काय लिहिलंत?"

काय लिहिलं ते सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सह्या करायच्या आधी मी पण बघायला पाहिजे होतं."

कार्यक्रमाच्या दिवशी पावसाची भुरभुर होती, मांडवाची एक बाजू गळत होती. निवेदन करणारा पोरगा उत्साही. त्यानं कागद बघून जोरात पुकारलं, "आता सत्कार आपल्या खो-खोच्या सरपंचांचा!" कारण सामन्यात मुख्य पंचाला सरपंचच म्हणतात आणि आमचे हे पाहुणे पंच त्या अंतिम सामन्याला सरपंच नसले, तरी पुढच्या बऱ्याच सामन्यांना होते. पहिल्या रांगेतले गावचे सरपंच टोपी सावरत उठले, मंचावर चढले, शाल खांद्यावर पडेपर्यंत कोणाची बोलायची छाती झाली नाही. शेवटी त्यांनीच माईक घेतला आणि ती शाल काढून पंचांच्या अंगावर टाकली. म्हणाले, "मला निवडणुकीत मिळालीय एकदा." माणूस एरवी मला फारसा पटत नाही, पण त्या दिवशी पटला.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण ठरल्यासारखं. धाराशिवची सारिका काळे, २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार, संघाला सुवर्ण, २०२० साली अर्जुन पुरस्कार. मग शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हा शब्द त्यांनी तीन तऱ्हांनी म्हटला. ही नावं पोरींच्या कानावर पडायलाच पाहिजेत, माझी त्याला हरकत नाही. पण मला त्यातला आकडा सांगावासा वाटत होता : साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला आणि सुवर्णवाला ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत. तीन हजार मीटर पळून पाच शतांश सेकंदांचा फरक! तिथं यंत्र होतं म्हणून तो कळला. आमच्या मैदानावर यंत्र म्हणजे मी.

मग माझी पाळी. यादी वाचायची होती. वाचायच्या आधी मी सांगून टाकलं की गेल्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात सर्वाधिक गडी बाद करणारी ती नऊ नंबर नव्हे, ही सहा नंबर. चूक गुणलेखकाची, म्हणजे माझी. गुणपत्रिका आता बदलता येत नाही, त्यावर सह्या झाल्यात. चषकही परत मागणार नाही. नऊ नंबर दहावी करून लातूरला अकरावीला गेलीय, नीटच्या मागं आहे. तिला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, चषक आईनं देवळीत ठेवलाय, काढायला सांगू का?" मी म्हटलं, राहू दे. अजून मला कळत नाही, राहू द्यायला पाहिजे होता का.

मांडवात दोन-चार टाळ्या पडल्या. बहुतेकांना काय चाललंय तेच समजलं नसावं. सहाच्या वडिलांना मात्र समजलं, ते मागं खांबाला टेकून उभे होते आणि मान खाली घालून चपलेनं माती उकरत होते. पोरगी मंचावर आली. शाल, श्रीफळ, प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह. सांगून सांगून थकले की असलं देऊ नका, गुडघ्याच्या पट्ट्या द्या, बूट द्या. आमच्या निम्म्या पोरी मुरमावर अनवाणी पळतात. मंडळानं यंदा सात जोड बूट दिले, पण बाराजणींच्या संघाला सात. उरलेले दिवाळीनंतर म्हणतात. बघू.

पंचांना बोलायचा आग्रह झाला. त्यांनी माईक हातात घेतला, "खो देताना आवाज मोठा काढा, आम्हाला ऐकू येत नाही" एवढंच म्हटलं आणि माईक परत दिला. सबंध कार्यक्रमातलं सगळ्यांत उपयोगी भाषण ते.

साडेचारची एसटी होती त्यांची. स्टँडपर्यंत मी आणि क्रीडाशिक्षक सोडायला गेलो. शाल आणि नारळ त्यांनी पिशवीत शिट्टी-डायरीच्या खाली कोंबले. पाऊस थांबला होता. गाडीत चढताना वळून म्हणाले, "मंगळवारी तालुक्याचे सामने तुमच्याच मैदानावर ना? मागच्या वेळी रेषा आखायची फक्की कमी पडली होती, मधल्या पट्टीच्या रेषा दुपारी दिसेनात. दोन पिशव्या जादा सांगा. आणि मॅडम, नंबरच्या खाली आडवी रेघ मारून घ्या."

रविवारी बसून बारा कापडांवर मार्करनं रेघा मारल्या. सहा आणि नऊला दोन-दोन.