ब्रिस्टलची चार जुलै

आज ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला परेड बघून आलो. पायाचे तुकडे पडलेत, पण मजा आली राव! १७८५ पासून हे छोटंसं गाव चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, साजरा करतंय; अमेरिकेतला सगळ्यात जुना, खंड न पडलेला सोहळा म्हणतात तो हाच. परेड जाते त्या होप स्ट्रीटच्या मधोमध पट्टाच लाल-पांढरा-निळा, आणि तो वर्षभर तसाच असतो.

लोक भल्या पहाटे घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारे आपण यांच्यापुढे काहीच नाही!

आमच्यासमोरच एक बँड थांबला. त्यात ट्यूबा (भलामोठा पितळी भोंगा) घेतलेला एक पोरगा, जाड लोकरी गणवेशात घामाने निथळत होता. शेजारच्या आजी उठल्या, बर्फातली पाण्याची बाटली काढून सरळ त्याच्या मानेला लावली. पोरगं दचकलं, हसलं, आणि पुढच्याच ठोक्याला भोंगा सुरू!

पुढारी मात्र इथेही तसलेच. हात हलवायचा, दात दाखवायचे, पुढे सरकायचं. निवृत्त सैनिक आले तेव्हा मात्र अख्खा रस्ता उभा राहिला.

पुढच्या वर्षी कोण कोण येतंय? रस्ते सकाळीच बंद होतात, तेव्हा गाडी लवकर काढा. आणि डबा घरून आणा, खाण्याच्या रांगा भयंकर!