निचरा आणि ओलावा: आमची वाटचाल

आम्ही कुंड्यांत भरायचं मिश्रण बनवून विकतो. कुंडीच्या तळाला खडी टाकू नका, असं आमच्या पोत्यावर पहिल्या खेपेपासून छापलेलं आहे. त्या एका ओळीपायी बरीच गिऱ्हाइकं परत गेली. खडी तर सगळेच टाकतात, मग तुमचाच वेगळा कायदा का, असं विचारायची. आम्ही ओळ काढली नाही. पुढे ज्या प्रकरणात धंदा बुडायची वेळ आली, तेही याच खडीचं.

सुरुवात पत्र्याच्या शेडमध्ये झाली. यंत्र म्हणावं असं काही नव्हतं. दोन चाळण्या, वजनकाटा, फावडी, घमेली आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवायला कापलेली पिंपं, एवढीच सामग्री. मोठी चाळण 12 मिलिमीटरची, बारीक 2 मिलिमीटरची. मोठीवर काड्या आणि ढेकळं अडायची, बारीकमधून भुकटी खाली पडायची, आणि दोन्हींच्या मधलं उरेल तो आमचा माल. भुकटी बाजूला काढताना जीव तुटायचा, कारण वजनात ती बरीच भरते. पण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या तीच बुजवते. हवेची जागा गेली की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि झाडाला पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात. परलाईट, म्हणजे भाजून फुगवलेल्या दगडाचे हलके पांढरे दाणे, चाळून चाळून जाळी झिजते, भोकं रुंदावतात. म्हणून आम्ही 2 मिलिमीटरच्या ड्रिल बिटाची मागची दांडी भोकात घालून बघतो. सैल फिरली की जाळी बदलायची. चौकट मात्र अजून तीच आहे, सागवानी.

कोकोपीटची 5 किलोची वीट भिजून साधारण 70 लिटर फुगते. ते फुगलेलं कोकोपीट तसंच पोत्यात भरणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते आधी धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवतो आणि पुन्हा धुतो, म्हणजे त्याला चिकटलेलं सोडियम आणि जादा पोटॅशियम सुटून जातं. निथळलेल्या पाण्यात ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणारं यंत्र, बुडवल्याशिवाय पोतं शिवायचं नाही, हा नियम. याला वेळ लागतो, जागा लागते, पाणी लागतं. म्हणूनच आमचा माल महाग पडायचा आणि शेजारच्या एका व्यापाऱ्याचा स्वस्त. त्याचं मिश्रण म्हणजे न चाळलेली माती, न धुतलेलं कोकोपीट आणि वरून पाणी धरणाऱ्या जेलचे खडे. जेल साध्या पाण्यात छान फुगतं, पण खताचे क्षार आले की त्याची पाणी धरायची ताकद बरीच घटते. हे तो गिऱ्हाइकाला सांगायचा नाही.

आता ते प्रकरण. एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवरच्या कुंड्यांचं काम आम्हाला मिळालं. मिश्रण आमचं, कुंड्या आणि मांडणी ठेकेदाराची. आम्ही लेखी दिलं होतं: तळाला खडी नको, कुंडी पायांवर उचलून ठेवा. ठेकेदाराने त्या व्यापाऱ्याचा सल्ला ऐकला. 12 इंची कुंडीत तळाला 4 इंच खडी, वर जाड कापड आणि उरलेल्या 8 इंचांत आमचं मिश्रण. कुंड्या गुळगुळीत फरशीवर सपाट टेकवलेल्या, म्हणजे तळाची भोकंही बंद. सलग पाऊस लागला आणि झाडं ओळीने माना टाकू लागली. उपटली तर मुळं तपकिरी, बोटांनी साल निघून येतेय आणि वास नाकात बसेल असा.

ठेकेदाराने सगळा दोष मिश्रणावर ढकलला. बिल अडकलं. व्यापाऱ्याने ही गोष्ट रोपवाटिकांमधून अशी फिरवली की दोन चालू कामं हातची गेली. कोकोपीटवाला उधारी मागायला दारात उभा, शेडचं भाडं थकलेलं. चाळण्या विकायच्या बोलण्यापर्यंत गोष्ट आली होती.

अशा वेळी काकू आल्या. आमच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीची वही आहे: मिश्रण कधी भरलं, पाणी किती घातलं, खालून किती आलं. त्या म्हणाल्या, "अरे, भांडत काय बसलास? मोजून दाखव ना." आणि पिशवीतून मापनळी काढली.

इमारतीच्या मालकांसमोर, ठेकेदाराच्या देखत, त्यांनी दोन पारदर्शक बरण्या मांडल्या. दोन्हींच्या तळाला सारखी भोकं, दोन्हींत आमचंच मिश्रण, फक्त एकीत खाली खडी. भरपूर पाणी घालून निथळू दिलं. खडी नसलेल्या बरणीत तळाशी ओल्या मिश्रणाचा गडद पट्टा उरला. खडीच्या बरणीत तेवढाच पट्टा उरला, पण खडीच्या वर, मुळांच्या जागी. बारीक पोकळ्यांनी धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. तळचा थर पुरता भिजल्याशिवाय थेंब सुटत नाही. पट्ट्याची जाडी ठरते कणांच्या आकारावर, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून खडी घालणं म्हणजे कुंडी उथळ करणं. मालकांच्या चेहऱ्यावर शंका दिसली तेव्हा काकूंनी भिजलेला स्पंज हातावर आडवा धरला. गळायचा थांबल्यावर तोच उभा केला, तर पुन्हा पाणी गळलं. उंची वाढली की निचरा वाढतो, एवढं त्यात आलं.

मग मिश्रणाची परीक्षा. 10 लिटरच्या बादलीत मिश्रण भरून, भोकं बंद करून वरपर्यंत पाणी, मग भोकं उघडून खाली आलेलं पाणी मोजायचं. 1.8 लिटर आलं. म्हणजे निथळल्यावरही 18 टक्के जागा हवेची. कुंडीच्या मिश्रणात 10 ते 20 टक्के हवा असली की बहुतेक झाडांचं भागतं. ठेकेदार काही बोलला नाही. मालकांनी निम्मं बिल तिथेच मंजूर केलं आणि कुंड्या आमच्याकडून नव्याने भरून घेतल्या. उरलेलं निम्मं ठेकेदाराकडून यायचं होतं. ते आजपर्यंत आलेलं नाही, आणि आम्ही ते विसरलेलोही नाही. काकूंनी त्या हंगामाचं सगळं मिश्रण आगाऊ पैसे देऊन उचललं, त्यावर कोकोपीटवाल्याची उधारी फिटली.

त्यानंतरची वर्षं कामाची गेली, शेड मोठी झाली, माणसं वाढली. तो व्यापारी आता पोत्यावर "हवा खेळती ठेवणारं" असं छापतो. शब्द आमच्या पत्रकातून उचललेले आहेत. त्याच्या मालाचं पाणी मोजून बघा, मग काय ते कळेल.

काही गोष्टी कुणी विचारत नाही, तरी सांगतो. चिकण मातीत बारीक वाळू मिसळून निचरा सुधारत नाही, ती आणखी घट्ट बसते. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओल उडते, म्हणून प्लास्टिकच्या कुंडीचं पाण्याचं वेळापत्रक तिला लावू नका. चकाकी दिलेल्या कुंडीला भोक पाडायचं तर ड्रिलची ठोके देणारी (हॅमर) सोय बंद ठेवा, हिऱ्याचा बिट लावा आणि पाणी शिंपडत राहा. परलाईट कोरडं ओतू नका, आधी ओलं करा, ती धूळ छातीत जाते. पाणी घातल्या घातल्या खालून धो धो येत असेल तर निचरा उत्तम आहे असं समजू नका. पुष्कळदा मातीचा गोळा सुकून कुंडीच्या कडेपासून सुटलेला असतो आणि पाणी फटीतून निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग उचलून निथळू द्या.

मिश्रणही म्हातारं होतं. दोन-तीन वर्षांत त्यातला सेंद्रिय भाग कुजून बारीक होतो, पातळी खाली बसते, हवा घटते. ते फेकायचं नाही. वाळवून बारीक चाळणीतून काढा, भुकटी जमिनीतल्या वाफ्यात घाला, आणि उरलेल्यात नवं मिश्रण मिसळून पुन्हा भरा. मुळकूज झालेल्या झाडाच्या कुंडीतलं मिश्रण मात्र दुसऱ्या कुंडीत घालू नका, आणि ती कुंडी घासून धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका.