सुविचाराच्या फळ्याखालची ओळ

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, आणि खरं सांगतो, शाळा म्हटलं की मला नागरिकशास्त्राचे सरच आठवतात, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. नाव लिहीत नाही, "सभापती" म्हटलं की आमच्या आगेमागच्या सगळ्या बॅचना कळेल.

जानेवारी 1980. लोकसभेची धामधूम, दिवसभर जीपवरचे भोंगे. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर सुविचार होता, "नेहमी खरे बोलावे". मधल्या सुट्टीत मी खाली लिहिलं, "निवडणूक संपल्यावर". हेडसर भडकले, छडी निघाली, तेवढ्यात सर म्हणाले थांबा, रीतसर चौकशी समिती नेमू. समितीत सर, ड्रॉइंगच्या बाई आणि शिपाईमामा. बाईंनी विचारलं घरात कोण राजकारणात आहे का. सरांनी विचारलं तुला सुचलं की कुणी शिकवलं. मामा म्हणाले, "अक्षर झकास हाय, पण खडू कुठनं घेतलास?" कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची, माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले! शिक्षा काय, तर तिघांच्या बाजूने एकेक पान लिहून आणायचं. आणलं. मामांच्या पानावर सरांनी लाल पेनने "हा माणूस जिवंत आहे" लिहिलं, स्वतःच्या पानावर "मी असा बोलतो का?"

पुढे कॉलेजच्या लायब्ररीत गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हातात पडलं, 1974 चं नाटक, डाव्या विचारांचा एक प्रोफेसर चौकशी समितीपुढे बसलाय, आणि मी तिथेच फिस्सकन हसलो, लायब्रेरियन बघायला लागले. सरांना विचारलं तर म्हणाले, छे, मी नाटकं कुठे वाचतो. गोपु दिल्लीत जेएनयूमध्ये चीन शिकवायचे, लेख इंग्रजीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त, आणि नाटकं मात्र मराठीत. त्यांचं फुल्यांवरचं 'सत्यशोधक' अतुल पेठेंनी पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं, ते बघताना सारखं वाटत होतं शेजारच्या खुर्चीत सर हवे होते. राजकारण शिकवणाऱ्याने अशी माणसं उभी केलेली मला दिसत होती, तरी मी आपला 31 वर्षं राज्यशास्त्रच शिकवत बसलो. माझ्या पीएचडीत पंचायत समित्यांवर ढीगभर तळटीपा आहेत, माणूस एकही नाही.

ऑक्टोबर 2013 मध्ये गोपु गेले. संध्याकाळी सरांचा फोन, आवाज बारीक झालेला, "अरे, आपला समितीवाला गेला." बास, एवढंच. म्हणजे वाचलं होतं की हो!

रिटायर झाल्यावर कादंबरी लिहिली, गेल्या दिवाळीत आली. एका पंचायत समितीतला अविश्वास ठराव, सगळा शिपायाच्या तोंडून. दुसरी आवृत्ती निघतेय हे (जरा मिरवूनच) सांगतो. पण सर त्याआधीच गेले, लाल पेन फिरायचं राहिलं. हस्तलिखित त्यांना दाखवायला नेणार होतो, आज नेऊ उद्या नेऊ करत ते माझ्याच कपाटात राहिलं, याला कारण मीच.

परवा निमंत्रण घ्यायला शाळेत गेलो होतो. नवी इमारत देखणी आहे, देणगीदारांचे आभार. ऑफिसबाहेर आता फळा नाही, एलईडीचा बोर्ड आहे, त्यावर सुविचार लाल अक्षरांत सरकत जातो. दोनदा वाचला. खाली काही लिहायला जागाच ठेवलेली नाही.