वाड्याचं दार: डाव्या फळीचे काळे डाग अखेर गेले!

वाड्याच्या जुन्या सागवानी दाराची डावी फळी डागांतून सुटली! खिळ्यांभोवतीची ती काळी वर्तुळं गेली आणि खालून असं सोनेरी सागवान निघालंय की काम थांबवून नुसता हात फिरवत बसलो.

दारावरच्या हिरव्या ऑइल पेंटचं प्रकरण आधीच मिटलं होतं. इतक्या जुन्या थरांत शिसं असणारच हे धरून चाललो (घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली), त्यामुळे विषारी धूर नको म्हणून हीट गन टाळली. रिमूव्हर लावून रंग ओलाच खरवडला. खोबणींसाठी काचेच्या तुकड्यासारखं दुसरं हत्यार नाही.

पण डाग हटेनात. ओलावा लागला की सागातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड मिळून हा काळा रंग धरतो, आणि तो लाकडात खोल मुरतो. ८० नंबरचा पॉलिश पेपर घासला तर लाकूडच झिजतं. ब्लीचिंग पावडरने या डागांना काहीही होत नाही.

गुण आला तो ऑक्झॅलिक ॲसिडचा. लिटरभर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, हातमोजे आणि गॉगल घालूनच. लावायचं पूर्ण फळीवर, नाहीतर डागाच्या जागी फिकट चकती उमटते. ब्रश फिरवल्यावर वर्तुळाची कड आधी जांभळट झाली, मग तपकिरी, आणि काळेपणा खिळ्याच्या दिशेने आक्रसत गेला. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

धुऊन सुकल्यावर मात्र फळीभर पांढरी भुकटी. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम ॲसिडशी मिळून तसंच बसलं होतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसलं, २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात मारला आणि पुढची धुलाई बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने केली. आता लख्ख.

खिळे घडीव आहेत, मागे वळवून ठोकलेले. ते काढणार नाही. डोकी पितळी ब्रशने साफ करून त्यांवर चपडा लाखेचा हात दिलाय, म्हणजे ओल पोचणार नाही. स्टील वूल या लाकडाजवळही आणू नका, त्याचे कण अडकले की नवे डाग ठरलेले. आणि लाख दाणेदार आणून स्पिरिटमध्ये घरीच भिजवा. बाटलीतलं तयार पॉलिश किती जुनं असेल याचा भरवसा नाही.

सुतार मेलामाइन (चकचकीत पारदर्शक लेप) मारा म्हणतोय. नाही मारणार, सागाच्या रेषा त्या चकाकीखाली गाडल्या जातात. फ्रेंच पॉलिशच, म्हणजे स्पिरिटमधल्या लाखेचे पातळ हात, ठरलं होतं, पण दार गॅलरीत बसणार, पावसाचे शिंतोडे येणार आणि लाख पाण्याने पांढरी पडते. आत्ता लिहिताना सुचतंय: बाहेरच्या अंगाला डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणि आतल्या अंगाला फ्रेंच पॉलिश केलं तर? दोन्हींचा रंग जुळतो का ते आधी पडक्या चौकटीच्या तुकड्यावर बघतो. तेलाची फडकी मात्र पसरूनच वाळवा, बोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात.

आता उजवी फळी. तिथे कोयंड्याखाली तळहाताएवढा काळा पट्टा आहे, त्यामुळे कोयंडा आधी उतरवणार. तेल-लाख असं दोन अंगांना कुणी केलं असेल तर कडेला जोड कसा लपवलात ते सांगा.